उलटी वाचायची वही

दोह्यातल्या मुशैरिबमध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. गाड्यांनी भरलेल्या कतारमध्ये इथल्या गल्ल्यांत गाड्या फारशा दिसत नाहीत. ३१ हेक्टरांवर नव्यानं वसवलेला हा भाग मुद्दामच तसा आखलाय. रस्ते अरुंद, एका इमारतीची सावली दुसरीवर पडेल असे. वर छोटी ट्राम फिरते, खाली मेट्रोच्या तिन्ही मार्गिका जिथे एकमेकींना मिळतात ते स्थानक आहे, आणि गाड्या गेल्या तळघरात. मुशैरिब या नावाचा अर्थ पाणी प्यायची जागा. बाजूलाच कहरबा रस्ता आहे. कहरबा म्हणजे वीज. विजेचे दिवे मिळालेला हा पहिला रस्ता, म्हणून त्याचं नाव तसं पडलं.

इथल्या चार जुन्या घरांची आता संग्रहालयं झाली आहेत. त्यांतलं एक ‘कंपनी हाउस’. देशातल्या पहिल्या तेल कंपनीचं मुख्यालय या वास्तूत होतं आणि तेलाच्या विहिरींवर राबलेल्या पहिल्या पिढीतल्या कामगारांची हकीकत तिथे सांगितली आहे. कतारचं तेल जहाजात भरून पहिल्यांदा बाहेर गेलं ते १९४९ च्या अखेरीस.

१९४९ हे साल वाचलं की मराठी माणसाला, निदान गाड्यांचं वेड असलेल्या मराठी माणसाला, आणखी दोन गोष्टी आठवाव्यात. त्याच वर्षी मुंबईत माझगावला महिंद्रानं विलीज जीप जुळवायला घेतली. सुटे भाग परदेशातून पेट्यांमध्ये यायचे आणि इथे त्यांची गाडी व्हायची. आणि त्याच वर्षी इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या डोक्यानं एक दोन आसनी मोटार बनवली. पुढे तिचं नाव झालं ‘मीरा’. स्प्रिंगांऐवजी रबराचं सस्पेन्शन, इंजिन मागच्या बाजूला, भाग होतील तितके कमी. सुधारत सुधारत ते १९७५ पर्यंत तिच्या नवनव्या आवृत्त्या काढत राहिले. साधारण १२,००० रुपयांत ती सामान्य माणसाला मिळावी असा त्यांचा बेत होता. मोठ्या संख्येनं तिचं उत्पादन कधी झालंच नाही.

दोन्ही गाड्या सुट्या भागांतूनच उभ्या राहिल्या, पण त्यांच्यात एक मोठा फरक आहे. माझगावच्या जीपमागे विलीजच्या अमेरिकेतल्या टोलेडोच्या कारखान्यात काढलेले नकाशे होते. कुठला बोल्ट कुठे, किती घट्ट, सगळं कागदावर. मीरेचा नकाशा मुख्यतः एका माणसाच्या डोक्यात. या दोन टोकांच्या बरोबर मधे जी मोटार येते तिला म्हणतात किट कार. आणि जुनी किट कार घरी उघडून पुन्हा बांधायची म्हणजे काय, हे समजून घ्यायला हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

अंगरखा एकाचा, जीव दुसऱ्याचा

किट कारमध्ये कंपनी तुम्हाला पूर्ण गाडी देत नाही. बहुतेक वेळा ती देते बाहेरचं अंग, कधी सांगाडा, थोडे खास भाग. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, स्टिअरिंग हे तुम्ही एखाद्या जुन्या, स्वस्तातल्या गाडीतून काढून घालायचं.

या प्रकाराची थोरली बहीण म्हणजे इंग्लंडची लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांच्या कंपनीनं ती १९५७ मध्ये आणली. तयार गाडीवर तेव्हा तिथे जबर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर नाही. सवलतीची अट अशी की सोबत ‘जोडणी कशी करावी’ हे लिहून द्यायचं नाही. मग म्हणे लोटसनं ‘गाडी उकलावी कशी’ याची पुस्तिका दिली. गिऱ्हाइकानं ती शेवटच्या पानापासून उलटी वाचायची! १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. पण त्या पुस्तिकेत जुन्या गाडीच्या कामाचं सगळं सार आहे, त्याकडे शेवटी येऊच.

आखाताच्या वाळूला जवळची किट कार मात्र वेगळी. तिचं नाव मेयर्स मँक्स. कॅलिफोर्नियातले ब्रूस मेयर्स हे फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर. होडीचा साचा आणि होडीचं फायबर वापरून १९६४ मध्ये त्यांनी वाळूत पळणारी चिमुकली बग्गी केली. तिच्याखाली पुढे फोक्सवॅगन बीटलची फरशी वापरली जाऊ लागली. ही फरशी म्हणजे मधोमध एक पोकळ कणा आणि दोन्ही बाजूंना पत्रा. मागे हवेनं थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन. ते गाडीला चारच बोल्टांनी धरलेलं असतं, त्यामुळे ट्रॉली जॅकवर घेऊन दोन माणसं ते सहज खाली उतरवतात. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २४० सेंटिमीटरचं अंतर; बग्गीसाठी मधून साधारण ३६ सेंटिमीटर कापून टाकायचे आणि दोन तुकडे वेल्ड करायचे. वाळूच्या टेकडीवर बुड न टेकता चढायला आखूड गाडी बरी.

मेयर्स यांची कल्पना इतकी सोपी होती की ढिगानं लोकांनी तिची नक्कल केली. पेटंटचा दावा लावूनही ते हरले. परिणाम असा की जगात अशा बग्ग्या पुष्कळ, पण एकीचं माप दुसरीला नाही. प्रत्येकीवर ती कापणाऱ्या आणि वेल्ड करणाऱ्या माणसाचा हात. कारखान्यातली गाडी छापील पुस्तक असेल, तर ही मोडीतली कागदपत्रं. लिपी एक, पण प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. आधी त्याचं अक्षर लावायचं, मग मजकूर.

आधी ओळंबा, मग पाना

समजा, दोह्यातल्या एखाद्या मराठी इंजिनिअरच्या हाती अशी एक जुनी बग्गी आली. घर मुशैरिबच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे दारात अंगण नाही. वेल्डिंगसारखं जड काम शहराबाहेर सनायाकडे, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये करून घ्यायचं; उरलेली बग्गी कंपाउंडमध्ये राहणाऱ्या मित्राच्या पडवीत. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर असे लहान भाग मात्र डायनिंग टेबलवर पेपर अंथरून उघडता येतात. पेट्रोलचा वास घरात नको असेल तर भाग आधी बाहेर स्वच्छ धुऊन, वाळवून मगच आत आणायचे. हे घरातल्या शांततेसाठीही चांगलं आणि आगीच्या दृष्टीनंही.

पहिला मोह असतो इंजिन सुरू करून पाहायचा. तो आवरायचा. पहिलं काम म्हणजे ही गाडी सरळ आहे का ते पाहणं. त्याला लागतो गवंड्याचा ओळंबा, खडू आणि टेप. गाडी चार भक्कम स्टँडवर समतल ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही. मग पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या डाव्या-उजव्या सारख्या जागांवरून ओळंबा सोडायचा आणि जमिनीवर खडूनं खूण करायची. गाडी बाजूला केली की जमिनीवर चार ठिपके उरतात. त्यांचे दोन कर्ण मोजायचे. घराचा पाया आखताना मिस्त्री हेच करतो. कर्ण सारखे असतील तर काटकोन शाबूत. एक कर्ण दोन-तीन मिलिमीटरनं जास्त आला तर बहुधा मोजण्यातला फरक. पण दोन-अडीच सेंटिमीटर आला तर ज्यानं तीस-चाळीस वर्षांपूर्वी फरशी कापून जोडली, त्यानं ती तिरकी जोडली. अशी गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते आणि कितीही नवे टायर घातले तरी ते एका कडेनं झिजत राहतात.

फरशी तपासताना पहिल्यांदा बॅटरीखाली पाहायचं. बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असते. बॅटरीतलं ॲसिड वर्षानुवर्षं गळून तिथला पत्रा आधी सडतो. समुद्राकाठची खारट, दमट हवा उरलेलं काम करते. टोकदार हातोडीनं ठोकत जायचं. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला भदभद आवाज करतो.

फायबर आणि वीज

अंग फायबरचं असतं, म्हणजे काचतंतूंची चटई आणि पॉलिएस्टर रेझिन. रत्नागिरी-मालवणकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर हेच काम करतात. वरच्या रंगाच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली नक्षी दिसली तर समजायचं, इथे आतून बोल्टनं किंवा मारानं ताण आला होता. नुसती पुट्टी भरून वर रंग मारला तर सहा महिन्यांत तीच नक्षी पुन्हा वर येते. तडा जिथे संपतो त्याच्याही पुढपर्यंत घासून उतार करायचा, मग मागून चटईचे थर द्यायचे. रेझिनमध्ये हार्डनर मोजूनच घालायचा, शेकडा एक ते दोन. दोह्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि तेव्हा मिसळलेलं रेझिन ब्रश फिरवायच्या आत डब्यातच घट्ट होतं. म्हणून हे काम पहाटे करायचं किंवा हिवाळ्यावर ढकलायचं. घासताना तोंडावर चांगला मास्क हवाच. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

फायबरचा आणखी एक गुण नव्या माणसाला हमखास चकवतो. नेहमीच्या गाडीत दिव्याला बॅटरीकडून एकच तार येते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. त्यातून प्रवाह बॅटरीकडे परत जातो. फायबरमधून वीज जात नाही. त्यामुळे बग्गीतल्या प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, मीटरला परतीची वेगळी तार लागते. आधीच्या मालकानं ती कुठल्यातरी गंजक्या स्क्रूला गुंडाळलेली असली की मजेशीर भुताटकी सुरू होते: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदसा लुकलुकतो, हॉर्न वाजवला की हेडलाइट अंधुक होतो. परतीची वाट न सापडलेला प्रवाह शेजारच्या बल्बमधून घर शोधत असतो. उपाय साधा: सगळ्या परतीच्या तारा एका तांब्याच्या पट्टीवर आणायच्या आणि त्या पट्टीतून एक जाड तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाकडे न्यायची.

चाळीस दाते, चव्वेचाळीस दाते

आता बदलाची गोष्ट. जुन्या बग्गीत सर्वांत आधी जाणवतं ते मागचं अंग उंच उभं राहणं. कारण सोपं आहे. मागचं सस्पेन्शन बीटलचं, आणि बीटलचं वजन आठशे किलोंच्या घरात. तिचा लोखंडी डोलारा काढून हलकं फायबर बसवलं की स्प्रिंगांना आधीइतका भार राहत नाही.

पण बीटलच्या मागच्या बाजूला वळ्यांची स्प्रिंग नाहीच. तिथे एक सरळ पोलादी दांडा आहे. एक टोक आत पक्कं, दुसऱ्या टोकाला चाकाचा हात. चाक वर उचललं की दांडा पिळला जातो आणि परत सरळ व्हायला बघतो, तीच स्प्रिंग. गाडी खाली-वर करायची तर हा दांडा फिरवून दुसऱ्या दात्यावर बसवायचा. आतल्या टोकाला ४० दाते आहेत, म्हणजे एक दाता पुढे सरकवला की ९ अंश फिरतो. चाकापाशी हा फरक सहा सेंटिमीटरांच्या आसपास जातो. एवढी मोठी पायरी कुणाला हवी असते?

फोक्सवॅगनच्या अभियंत्यांनी बाहेरच्या टोकाला ४० नव्हे, ४४ दाते ठेवले. तिथला एक दाता म्हणजे सुमारे ८.१८ अंश. आता आतलं टोक एक दाता एका दिशेनं फिरवा आणि बाहेरचं टोक एक दाता उलट दिशेनं. ९ मधून ८.१८ गेले, उरले ०.८२ अंश. चाकापाशी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. शाळेत व्हर्नियर कॅलिपर हाताळलेल्या कुणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल: दोन पट्ट्या, किंचित वेगळे भाग, आणि त्यांच्या फरकातून मिळणारं बारीक माप. एका कारागिराच्या हातात, ग्रीसनं माखलेल्या दांड्याच्या दोन टोकांना, हा व्हर्नियर गुपचूप बसलेला असतो. काम करताना मात्र चाकाच्या हाताखाली जॅक लावूनच तो मोकळा करायचा. पिळलेल्या दांड्याचा जोर सुटला की तो हात खाली असा आदळतो की मधे आलेल्या बोटाची खैर नसते.

एक बदल, पाच मागण्या

घरी गाडी बदलणाऱ्या माणसाचं ठरलेलं वाक्य असतं: ‘थोडं मोठं इंजिन टाकू.’ १,२०० सीसीच्या जागी १,६०० सीसी. ते बसतंही सहज. पण गाडीत कुठलाही बदल एकटा येत नाही. लग्नात पाहुणा येतो तसा नातेवाइकांना घेऊन येतो.

जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. हे इंजिन हवेनं थंड होतं, त्यात पाणी नाही, आणि तेल जेमतेम अडीच लिटर. नेहमीसारखा ऑइल फिल्टर नाही, फक्त एक जाळी आहे. त्यातच जुन्या इंजिनात तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेत उभा असल्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला वारा कमी मिळायचा, आणि झडप जळायची ती बहुधा तिसरीच. १९७० च्या सुमारास कूलर बाजूला सरकवून त्याला वाऱ्याची वेगळी वाट दिली गेली. कतारमध्ये चालवायच्या बग्गीला ही नंतरची रचनाच हवी.

आणि पत्रे. बीटलमध्ये इंजिनाभोवती पत्र्याचे झाकणवजा तुकडे आणि रबरी पट्ट्या असतात. खालून निघालेली गरम हवा पुन्हा वर पंख्याकडे येऊ नये, एवढंच त्यांचं काम. बग्गीत इंजिन उघडं छान दिसतं म्हणून पुष्कळांनी ते पत्रे फेकून दिलेले असतात. मग इंजिन स्वतःचाच गरम श्वास पुन्हा ओढत राहतं.

इंजिनानंतर ब्रेक. गाडी हलकी झाली म्हणजे ब्रेक पुरतील, हा समज अर्धाच खरा. बग्गीत इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आणि पुढे जवळजवळ काहीच नाही. जोरात ब्रेक दाबला की पुढची हलकी चाकं लवकर जाम होऊन घसरतात, आणि घसरणारं चाक वळत नाही. म्हणून मोठं इंजिन घालण्याआधी ब्रेकची पुढे-मागे वाटणी तपासायची, मग जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून टाकायचं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकाराचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. दोह्याच्या दमट ऑगस्टमध्ये अर्धवट उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरायचा नसतो.

शेवटची मागणी कायद्याची. कतारमध्ये गाडी रस्त्यावर आणायची तर ‘फाहेस’च्या तांत्रिक तपासणीतून जावं लागतं, म्हणून बदल ठरवण्याआधी वाहतूक खात्याला विचारलेलं बरं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीच्या कागदावर उत्पादकानं दिलेली जी मूळ माहिती आहे, तिच्याशी विसंगत बदल करायला ते मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते अधिक ठाम केलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली, ती २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो देऊ केली तेव्हा हेही म्हटलं होतं की ही गाडी नियमांत न बसल्यामुळे आज ना उद्या थांबवली जाईल. कौतुक आणि कायदा दोन्ही एकाच दमात.

वही

आता लोटसच्या त्या उलट्या पुस्तिकेकडे. कारखान्याच्या गाडीला पुस्तिका असते. जुन्या किट कारला नसते, कारण ती ज्यानं बांधली तो कधीच दुसरीकडे गेला. मीरेचंही तेच. शंकररावांनी रबर कुठल्या जाडीचं घेतलं, का घेतलं, हे ती गाडी उघडून मोजल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून उकलणारा माणूसच पुस्तिका लिहितो. प्रत्येक नट काढताना वहीत नोंद करायची: काय काढलं, कुठून, कुठल्या क्रमानं, वॉशर होता का, होता तर कुठल्या बाजूला. भाग पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर वहीतला आकडा. मोबाइलवर फोटो काढायचे, पण फोटोवर विसंबायचं नाही. फोटोत दिसत नाही की तो बोल्ट निघायला किती जोर लागला, किंवा डावीकडचा स्पेसर उजवीकडच्यापेक्षा दोन मिलिमीटर जाड होता. असा स्पेसर सापडला की थांबायचं. तो गोंधळ असेल, किंवा आधीच्या माणसानं तिरकी फरशी भरून काढायला मुद्दाम घातलेला असेल. कर्णाचं माप आधीच घेतलं असेल तर उत्तर वहीत तयार असतं.

जोडणीच्या दिवसांत ती वही शेवटच्या पानापासून मागे मागे वाचली जाते. सगळ्यात शेवटी उघडतं पहिलं पान. कुठल्याही गाडीला हात लावताना आधी वीज तोडायची असते, म्हणून त्या पानावर बहुधा एकच ओळ असते: ‘बॅटरीची ऋण तार काढली. पाना १३.’ ही ओळ वाचायची, तेराचा पाना उचलायचा आणि तार परत लावायची. टर्मिनलवर बारीकशी ठिणगी उडते.